ना फायटर, ना बॉम्बर! साहेबांच्या दिमतीतल्या छोट्या विमानांमुळे जर्मनीचा वॉर प्लॅन दोनदा शत्रूच्या हाती कसा लागला?

१० जानेवारी १९४०. सकाळचे साधारण साडेअकरा वाजलेत. बेल्जियममधल्या मासमेखेलेन गावाजवळच्या एका शेतात छोटंसं जर्मन विमान धडपडत उतरतं. दोन झाडांच्या मधून जाताना त्याचे पंख तुटतात, पण आतले दोन्ही अधिकारी धडधाकट बाहेर येतात.

एक जण समोर दिसलेल्या माणसाला विचारतो, आम्ही आहोत कुठे? उत्तर मिळतं, बेल्जियममध्ये.

हे ऐकून दुसऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. त्याच्या पिवळ्या चामडी बॅगेत बेल्जियम आणि हॉलंडवरच्या हल्ल्याचे कागद असतात. आणि ज्या देशावर हल्ला करायचा, त्याच देशात तो उभा असतो.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन विमानं म्हटलं की स्टुका, मेसरश्मिट आणि लंडनवर बॉम्ब टाकणारे ताफे आठवतात. पण या गोष्टीतलं विमान ना फायटर होतं, ना बॉम्बर. चार माणसं बसतील एवढं ते संपर्क विमान होतं. अशी शेकडो विमानं जर्मन हवाई दलाच्या, म्हणजे लुफ्टवाफेच्या, मुख्यालयांसाठी राबत होती. त्यांचं काम काय होतं? आणि एवढ्याशा विमानांमुळे एवढे मोठे घोटाळे कसे झाले? समजून घेऊया.

मुख्यालयाला स्वतःची विमानं कशाला हवी?

त्यासाठी आधी लुफ्टवाफेची रचना थोडक्यात बघू. सर्वात खाली 'श्टाफेल', म्हणजे साधारण ९ ते १२ विमानांची तुकडी. अशा तीन तुकड्या मिळून 'ग्रुप', आणि तीन ग्रुप मिळून 'गेश्वाडर', म्हणजे शंभरेक विमानांचा ताफा. त्याच्या वर 'फ्लीगरकोर' आणि त्याहून वर 'लुफ्टफ्लोटे', म्हणजे अख्खा हवाई ताफा. युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीकडे असे चार लुफ्टफ्लोटे होते.

वरच्या मुख्यालयातले लोक स्वतः लढायला जात नव्हते. तिथे नकाशे, आदेश, अहवाल आणि बैठका चालायच्या. पण युद्ध पसरलं तसा पसाराही वाढला. नॉर्वेपासून आफ्रिकेपर्यंत आणि फ्रान्सपासून रशियापर्यंत. रस्ते खराब, रेल्वेवर बॉम्ब पडतायत, टेलिफोनच्या तारा तुटतायत. अशा वेळी पाचशे किलोमीटरवरच्या जनरलला सही-शिक्क्याचा आदेश आजच्या आज पोचवायचा कसा?

आपल्याकडच्या एखाद्या कलेक्टर ऑफिसचं उदाहरण घ्या. तिथे साहेबांची गाडी असते, टपाल घेऊन फिरणारा शिपाई असतो आणि गरज पडली तर पळायला तयार असलेला ड्रायव्हर असतो. ही माणसं फायलीवर सही करत नाहीत, पण ती एक दिवस आली नाहीत तर ऑफिस ठप्प होतं. जर्मन मुख्यालयांच्या सहाय्यक तुकड्या म्हणजे हाच प्रकार होता, फक्त हवेतला.

कोणकोणत्या तुकड्या होत्या?

कुरियरश्टाफेल: नावावरूनच कळतं, या टपाल नेणाऱ्या तुकड्या. गुप्त आदेश, नकाशे, हवाई फोटो आणि ते घेऊन जाणारा अधिकारी, हा त्यांचा माल. मोठ्या मुख्यालयांमध्ये यांच्या नेमाने फेऱ्या चालायच्या.

फ्लुगबेराइटशाफ्ट: सोप्या भाषेत 'तयार असलेली विमानं'. साहेबांना कुठे जायचं झालं की ही निघायची. यात तीन इंजिनांचं युंकर्स ५२, त्याहून लहान फोके-वुल्फ 'वायहे', मेसरश्मिट १०८ 'टायफून' आणि फिझलर 'श्टोर्ख' अशी वेगवेगळी विमानं असायची.

वेकुस्टा: हवामानाची माहिती आणणाऱ्या तुकड्या. युरोपातलं हवामान बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. म्हणजे उद्या जर्मनीवर ढग असतील का, हे आज अटलांटिक महासागरावर काय चाललंय त्यावरून कळतं. शांततेच्या काळात सगळे देश ही माहिती एकमेकांना द्यायचे. युद्ध सुरू होताच ती बंद झाली. मग वेकुस्टाचे वैमानिक एकेकट्या विमानातून समुद्रावर आणि आर्क्टिककडे दूरवर जायचे आणि तापमान, हवेचा दाब, वारा यांच्या नोंदी घेऊन यायचे. लुफ्टफ्लोटेचे हल्ल्याचे बेत या नोंदींवर ठरायचे.

रुग्णवाहिका तुकड्या: जखमींना आघाडीवरून मागच्या हॉस्पिटलांमध्ये आणणाऱ्या. यात युंकर्स ५२ मोठ्या संख्येने होती, आणि जिथे मोठं विमान उतरू शकत नाही तिथे श्टोर्ख.

टेहळणीच्या खास तुकड्या: यातली सर्वात गुप्त तुकडी थेओडोर रोवेल नावाच्या अधिकाऱ्याची. ती कोणत्याही लुफ्टफ्लोटेला जोडलेली नव्हती. ती थेट हवाई दलाच्या सर्वोच्च मुख्यालयासाठी काम करायची. युद्धाच्या आधी तिने नागरी विमानांच्या वेशात शेजारी देशांचे फोटो काढले होते.

याशिवाय बड्या नेत्यांची सोय वेगळी होती. हिटलरसाठी हान्स बाऊर या वैमानिकाच्या हाताखाली स्वतंत्र तुकडी होती आणि तिच्यात चार इंजिनांची फोके-वुल्फ २०० 'कोंडोर' विमानं होती.

पन्नास-साठ मीटरमध्ये उडणारा 'करकोचा'

या सगळ्यांत एक विमान सर्वात लाडकं ठरलं, ते म्हणजे फिझलर श्टोर्ख. 'श्टोर्ख' म्हणजे करकोचा. लांब पायांवर उभं असलेलं हे विमान खरंच तसं दिसायचं.

१९३६ साली ते पहिल्यांदा उडालं. इंजिन फक्त २४० अश्वशक्तीचं. वेग म्हणाल तर फायटर विमानासमोर अगदीच किरकोळ. पण त्याची खरी कमाल हळू उडण्यात होती. ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग आला तरी ते हवेत टिकायचं. समोरून वारा असेल तर पन्नास-साठ मीटर पळून उडायचं आणि वीसेक मीटरमध्ये उतरायचं. म्हणजे धावपट्टीची गरजच नाही. शेत चालेल, रस्ता चालेल, वाळवंट चालेल.

उत्तर आफ्रिकेत जनरल रोमेल श्टोर्खमधून स्वतः आघाडी बघत फिरायचा.

याच विमानाची सर्वात गाजलेली फेरी १२ सप्टेंबर १९४३ ची. इटलीत सत्तेवरून काढलेल्या मुसोलिनीला ग्रान सास्सो डोंगरावर, सुमारे २१०० मीटर उंचीवरच्या एका हॉटेलात कैदेत ठेवलं होतं. जर्मन सैनिक ग्लायडरने तिथे उतरले आणि त्याला सोडवलं. पण खाली आणायचं कसं? त्यासाठी श्टोर्ख आलं. वैमानिक होता हाइनरिख गेर्लाख, छत्रीसैनिकांचा प्रमुख जनरल श्टुडेंट याचा खासगी वैमानिक. म्हणजे साहेबांचा ड्रायव्हरच म्हणा. मुसोलिनीसोबत धिप्पाड अंगाचा ऑटो स्कोर्झेनी हट्टाने त्याच विमानात घुसला. जादा वजनाचं ते विमान दगडगोट्यांतून कसंबसं सुटलं, कड्यावरून खाली झेपावलं आणि गेर्लाखने ते सावरलं. प्रसिद्धी मात्र स्कोर्झेनी घेऊन गेला.

पहिला घोटाळा: बायकोला भेटायची घाई

आता परत बेल्जियममधल्या त्या शेतात जाऊ.

बॅगवाला अधिकारी होता मेजर हेल्मुट राइनबर्गर. त्याला म्युन्स्टरहून कोलोनला एका बैठकीला जायचं होतं आणि ते रेल्वेने. कारण असे गुप्त कागद विमानातून न्यायला बंदी होती. पण आदल्या रात्री अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये गप्पा रंगल्या. तिथल्या हवाई तळाचा प्रमुख मेजर एरिख होनमान्स म्हणाला, उद्या मीच सोडतो तुला. त्यालाही उड्डाणाचे तास वाढवायचे होते आणि कोलोनला बायकोकडे धुवायचे कपडे पोचवायचे होते. राइनबर्गरकडे कोणते कागद आहेत, याची त्याला कल्पनाच नव्हती.

सकाळी ते टायफून विमानातून निघाले आणि धुक्यात वाट चुकली. ऱ्हाइन नदी कधी ओलांडली ते होनमान्सला कळलंच नाही. पुढे म्यूझ नदी दिसली, तिलाच तो ऱ्हाइन समजला. नेमक्या त्याच वेळी चुकून एक लिव्हर हलला, पेट्रोल बंद झालं आणि इंजिनही थांबलं.

शेतात उतरल्यावर राइनबर्गर कागद जाळायला झुडपाआड पळाला. पण त्यांच्याकडे पेटवायलाच काही नव्हतं! त्यासाठी त्यांना तिथल्याच एका शेतमजुराकडे मागावं लागलं. धूर दिसताच बेल्जियमचे सीमारक्षक धावले आणि त्यांनी आग विझवली.

चौकीवर नेल्यावर राइनबर्गरने पुन्हा एकदा प्रयत्न केला. होनमान्सने टॉयलेटला जायचंय म्हणून पहारेकऱ्यांचं लक्ष वेधलं आणि तेवढ्यात याने टेबलावरचे कागद उचलून पेटत्या शेगडीत कोंबले. बेल्जियन कॅप्टन रोड्रिक याने हात भाजून घेत ते बाहेर ओढले. अर्धवट जळालेले कागद होते, पण वाचता येतील एवढे शिल्लक होते. जर्मनी बेल्जियम आणि हॉलंडवर चालून येणार, हे त्यातून स्पष्ट दिसत होतं.

बर्लिनमध्ये हिटलर भडकला. लुफ्टफ्लोटे २ चा प्रमुख जनरल फेल्मी आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ या दोघांनाही पदावरून हटवण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला, सगळ्या सैन्यासाठी आदेश निघाला. कोणालाही त्याच्या कामापुरतंच कळलं पाहिजे आणि तेही गरज असेल तेव्हाच, त्याआधी नाही.

जानेवारीतच ठरलेला हल्ला पुढे ढकलला गेला. मे महिन्यात तो झाला तेव्हा प्लॅन बदललेला होता. मुख्य घाव आता आर्देनच्या जंगलातून बसला आणि फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला. प्लॅन बदलण्यामागे एकटं हे विमान नव्हतं. खराब हवामान, जुन्या प्लॅनवर हिटलरची नाराजी आणि जनरल मानश्टाइनने मांडलेली नवी कल्पना, हे सगळं त्यात होतं. पण जुना प्लॅन फुटलाय, ही गोष्ट बदलाच्या पारड्यात पडलीच. दुसरीकडे फ्रान्सच्या सेनापतींना त्या कागदांमुळे वाटलं, आपला अंदाज बरोबरच आहे, जर्मन बेल्जियममधूनच येणार. खरा कागद हातात आला आणि तोच पुढे चकवा ठरला.

दुसरा घोटाळा: ज्या कागदांवर स्टालिनने विश्वास ठेवला नाही

एवढं झाल्यावर जर्मन शहाणे झाले असतील, असं वाटतं ना? तसं काही झालं नाही.

१९ जून १९४२. रशियात जर्मनीचा उन्हाळी हल्ला, 'ऑपरेशन ब्लाऊ', नऊ दिवसांवर आलेला होता. २३ व्या पँझर डिव्हिजनचा मेजर योआखिम रायखेल श्टोर्खमधून आघाडी बघायला निघाला. सोबत हल्ल्याच्या पहिल्या टप्प्याचे लेखी आदेश आणि नकाशा. विमान सोव्हिएत हद्दीत पडलं. जर्मन गस्तीला नंतर ते सापडलं, पण कागद गायब होते.

कागद तोवर सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हाती गेले होते आणि तिथून ते स्टालिनपर्यंत पोचले. स्टालिनने ते उडवून लावले. त्याला खात्री होती की खरा हल्ला मॉस्कोवरच होणार आणि हे कागद म्हणजे मुद्दाम पेरलेलं आमिष. ब्र्यान्स्क आघाडीचा प्रमुख जनरल गोलिकोव याने कागद खरे असल्याचं सांगून बघितलं, पण उपयोग झाला नाही. २८ जूनला हल्ला झाला, आणि तो अगदी कागदात लिहिलेल्या ठिकाणीच.

जर्मन बाजूलाही डोकी उडाली. कोरचा प्रमुख जनरल श्टुमे याने नियम मोडून आदेश लिहून दिले होते. त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती माफ होऊन त्याला आफ्रिकेत पाठवलं गेलं. तिथे ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

खरं तर स्टालिनच्या बाबतीत असं आधीही झालं होतं. एप्रिल १९४१ मध्ये, जर्मनीने रशियावर हल्ला करायच्या दोन महिने आधी, रोवेलच्या गुप्त तुकडीचं एक विमान युक्रेनमधल्या रोव्नोजवळ उतरायला भाग पडलं. आत सोव्हिएत प्रदेशाचा नकाशा आणि काढलेल्या फोटोंची फिल्म होती. मॉस्कोने निषेध नोंदवला. तीन आठवड्यांत जर्मन विमानांनी ८० वेळा हद्द ओलांडल्याचं त्यात म्हटलं होतं. तरीही जूनचा हल्ला झाला तेव्हा सोव्हिएत सैन्य बेसावध होतं.

मग कागद विमानातून पाठवायचेच कशाला? रेडिओ होता ना!

हा प्रश्न रास्त आहे. आणि इथेच या गोष्टीतली सर्वात मोठी गंमत आहे.

जर्मनीकडे एनिग्मा हे सांकेतिक यंत्र होतं. त्यावरचे संदेश कोणालाच वाचता येणार नाहीत, असा त्यांचा पक्का समज होता. पण इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये मे १९४० पासून लुफ्टवाफेचेच एनिग्मा संदेश सर्वात नियमितपणे फोडले जात होते. म्हणजे विमानातला कागद दोन-तीनदा सापडला, तर गदारोळ झाला. रेडिओवरचे संदेश रोज वाचले जात होते, तर कोणाला पत्ताही नव्हता. अपघात होण्याची भीती धरूनही कागद नेणारं विमानच त्यातल्या त्यात सुरक्षित होतं.

हिटलरच्या विरोधात कट करणाऱ्यांनाही या विमानसेवेचा उपयोग झाला. १३ मार्च १९४३ ला त्यांनी दारूच्या बाटल्यांचं पार्सल भासवून हिटलरच्या कोंडोर विमानात बॉम्ब ठेवला. तो फुटला नाही. आता ते पार्सल कोणी उघडण्याआधी परत आणणं भाग होतं. कटातला अधिकारी फाबियान फॉन श्लाब्रेनडॉर्फ दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कुरियर विमानात बसून थेट मुख्यालयात गेला, खऱ्या बाटल्या देऊन पार्सल बदललं आणि सहीसलामत परत आला.

शेवटी विमानंच उरली नाहीत

युद्ध उलटलं तसे या तुकड्यांचे हाल सुरू झाले. १९४२-४३ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या सैन्याला रोज किमान ३०० टन सामान हवेतून पोचवायचं ठरलं. तेवढी मालवाहू विमानं होती कुठे? मग वैमानिक शिकवणाऱ्या शाळांची आणि मुख्यालयांच्या दिमतीची विमानंही तिकडे खेचली गेली. ठरलेलं सामान काही पोचलं नाही, पण जवळपास पाचशे विमानं गेली.

१९४५ पर्यंत आकाश पूर्णपणे दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होतं. एप्रिलमध्ये तर अमेरिकेच्या एका तितक्याच छोट्या, बिनबंदुकीच्या टेहळणी विमानातल्या दोघांनी श्टोर्ख दिसताच पिस्तुलं काढली आणि गोळ्या झाडून त्याला खाली उतरायला लावलं.

२६ एप्रिल १९४५ ला वेढलेल्या बर्लिनमध्ये एक श्टोर्ख शिरलं. आत जनरल फॉन ग्राइम आणि प्रसिद्ध वैमानिका हाना राइच होती. वाटेत ग्राइमच्या पायाला गोळी लागली. राइचने मागून त्याच्या खांद्यावरून हात घालून विमान सांभाळलं आणि ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ उतरवलं. एवढा जीव धोक्यात घालून त्यांना बोलावलं कशाला? तर गोअरिंगच्या जागी ग्राइमला हवाई दलाचा प्रमुख केल्याचं सांगायला. जे दल जवळपास संपलंच होतं, त्याचा प्रमुख!

धडा शिकायला जवळपास पाच वर्षं लागली

डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या जंगलातून शेवटचा मोठा जर्मन हल्ला झाला. त्याची तयारी करताना मात्र हिटलरने दोन्ही दारं बंद केली. प्लॅनबद्दल रेडिओवर अक्षरही बोलायचं नाही. आणि ज्या अधिकाऱ्यांना प्लॅन माहीत आहे त्यांनी विमानात बसायचं नाही, न जाणो पाडलं गेलं तर. कागद अधिकाऱ्यांच्या हातूनच पोचवले गेले. १६ डिसेंबरला हल्ला झाला तेव्हा अमेरिकन सैन्याला खरोखर धक्का बसला.

म्हणजे ज्या विमानांवर मुख्यालयांचा कारभार चालायचा, त्यांनाच बाजूला ठेवल्यावर गुपित टिकलं. तोवर युद्ध हातातून गेलेलं होतं. हा हल्लाही महिनाभरात फसला.

आजही जर्मन सरकारमधल्या मंत्र्यांची ने-आण करणाऱ्या हवाई दलाच्या विभागाला 'फ्लुगबेराइटशाफ्ट' असंच म्हणतात. नाव तेच आहे, साहेब बदलले.

आणि हे सगळं वाचून एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती विमानाची नाही. माहिती हाती लागणं आणि ती पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टालिनकडे कागद होता, पण त्याचं मत आधीच ठरलेलं होतं. फ्रान्सच्या सेनापतींना कागद पटला, पण तोवर शत्रूचा बेत बदलला होता. खरी माहिती आकाशातून पडली, आणि तरी दोघंही फसले.